सापाची मुळी आणि बाबांचं बीपी

आजचा भाग आपल्या पिंपळे सौदागरमधूनच सुरू करते.

मागच्या रविवारी कोकणे चौकाजवळ फूटपाथवर एक वैदू बसला होता. समोर फडक्यावर मुळ्या, साली, बिया. एक वाकडी मुळी उचलून तो बाबांना म्हणाला, "सर्पगंधा हाय साहेब. साप चावू दे, डोकं फिरू दे, बीपी असू दे, समद्यावर चालती." बाबांना बीपीची गोळी चालू आहे. त्यांनी लगेच भाव विचारला. मी म्हटलं, बाबा, आधी या मुळीचा इतिहास ऐका.

सर्पगंधा हे सावलीत वाढणारं छोटं झुडूप. वैद्य, वैदू, भगत तिची मुळी सापाच्या विषावर, वेडावर आणि झोप न येण्यावर देत आले. मुळी काढायचा ठरावीक दिवस, पूजा, मंत्र, सगळं सोबत. सापाशी लढताना मुंगूस मुळी खाऊन येतं, ही गोष्टही तुम्ही ऐकली असेल. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरने १५६३ साली छापलेल्या पुस्तकात साप, मुंगूस आणि मुळीची अशीच गोष्ट आहे.

पुढे १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की या मुळीने रुग्ण शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो. मग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा अभ्यास १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. जगभरचे डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

म्हणजे वैदू बरोबर होता? बीपीपुरता, हो.

पण माझ्या आजीचा धाकटा भाऊ साप चावून गेला. भगताने मुळी उगाळून पाजली, रात्रभर मंत्र म्हटला. आजी अजून म्हणते, "मुळी उशिरा दिली गं." मुळी वेळेवर दिली असती तरी नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर ती चालली नसती. बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस आपोआप वाचतो आणि श्रेय मुळीला जातं. म्हणून हा विश्वास शेकडो वर्षं टिकला.

एकाच पिशवीत खरं आणि खोटं दोन्ही होतं. ते निवडायला रुग्ण मोजावे लागले, नोंदी ठेवाव्या लागल्या. त्यातूनच रेसर्पिनचा दुसरा चेहराही दिसला. काही रुग्णांना नैराश्य आलं. आज ते फारसं देत नाहीत.

बाबांनी मुळी खाली ठेवली. रोजची गोळी चालू असताना वरून ही मुळी घेतली, तर बीपी किती खाली जाईल, काय सांगावं? मुळीत औषध किती, ते तर वैदूलाही माहीत नाही. पण बाबा जाता जाता त्याला म्हणाले, "तुमच्या लोकांमुळेच तर हे डॉक्टरांना कळलं." तो नुसता हसला. पुरस्काराच्या यादीत त्याच्या पूर्वजांपैकी कुणाचंच नाव नाही.

तुमच्या आजीकडे अशा मुळ्यांच्या गोष्टी असतील, तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि साप चावला तर मुळी शोधत बसू नका, थेट १०८ ला फोन लावा. भेटू पुढच्या भागात!