जुने गेम विंडोज ११वर का चालत नाहीत? आणि चालवायचे कसे?

माळ्यावरचा पसारा आवरताना कधीतरी जुन्या सीड्यांचा डबा हाती लागतो. प्रिन्स ऑफ पर्शिया, रोड रॅश, व्हाइस सिटी... सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून जे खेळलो ते आता घरच्या लॅपटॉपवर खेळू, म्हणून आपण उत्साहाने सेटअपवर डबल क्लिक करतो. मग कधी काळी चौकट झळकून गायब होते, कधी न समजणारा एरर येतो आणि बरेचदा तर काहीच होत नाही.

पुढची पायरी ठरलेली. यूट्यूबवर शोधायचं. तिथे कोणीतरी सांगतं, "अँटिव्हायरस बंद करा आणि खालच्या लिंकवरून ही फाइल घ्या." इथेच थांबा! एका गेमपायी अख्खा लॅपटॉप, त्यातले फोटो आणि बँकेचे पासवर्ड पणाला लावायची बहुतेक वेळा गरजच नसते. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्यापासून बरेच जण विंडोज ११वर आलेत, त्यामुळे हा घोळ घरोघरी होतोय. गेम कोणत्या काळातला आहे आणि नेमका कुठे अडतोय हे कळलं, की निम्मं काम झालं.

१६ बिटचे गेम

प्रिन्स ऑफ पर्शिया, डेंजरस डेव्ह हे डॉसच्या जमान्यातले गेम. हे गेम आणि विंडोज ३.१ची बरीचशी सॉफ्टवेअर १६ बिट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेली होती. ३२ बिट विंडोजमध्ये, अगदी विंडोज १०पर्यंत, असे प्रोग्राम चालवण्याची सोय होती. ६४ बिट विंडोजमध्ये ती नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणून 'धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी' असा संदेश आला, तर सेटिंगशी झटापट करून उपयोग नाही.

यावर उतारा म्हणजे डॉसबॉक्स. २००२ साली आलेलं हे मोफत सॉफ्टवेअर तुमच्या संगणकात एक जुना संगणकच उभा करतं; प्रोसेसर जुना आणि साउंड ब्लास्टर कार्डही जुनंच. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल, तर गेमची मुख्य फाइल उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा, काम झालं. गेम फारच पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ने वाढतो. तेवढंही नको असेल, तर इंटरनेट आर्काइव्हने जानेवारी २०१५मध्ये दोन हजारांहून अधिक डॉस गेम थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे उपलब्ध केले आहेत.

यात एक मेख आहे. विंडोज ९५ आणि ९८च्या काळातले काही गेम स्वतः ३२ बिट असतात, पण त्यांचा सेटअप मात्र १६ बिट! म्हणजे घर ठीक आहे, फक्त दाराची किल्ली जुनी. अशा वेळी ओटीव्हीडीएम नावाचं छोटं मोफत साधन कामी येतं. ते १६ बिट विंडोज प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालवतं.

चूक गेमची, बोलणी विंडोजला

हा भाग सगळ्यात मजेशीर आहे. अनेकदा बिघाड गेममध्ये पहिल्या दिवसापासून असतो, जुनी विंडोज फक्त तो झाकून ठेवत असते.

सिमसिटीचंच बघा. हा गेम मेमरीचा एखादा तुकडा 'मला नको' म्हणून परत करायचा आणि लगेच तोच पुन्हा वापरायचा. डॉसवर एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, त्यामुळे परत केलेली जागा कोणी बळकावत नसे आणि चूक खपून जायची. विंडोजवर मात्र गेम कोसळायला लागला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी तो उकलून चूक शोधली आणि चक्क विंडोजमध्येच सोय करून ठेवली: सिमसिटी चालू असेल, तर मेमरी सांभाळण्याची पद्धत बदलायची. दुसऱ्याच्या चुकीवर आपल्या घरात पांघरूण!

दुसरा किस्सा अगदी ताजा आहे. विंडोज ११च्या २४एच२ या अपडेटनंतर जीटीए सान आंद्रेआसमधलं स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. सगळ्यांनी विंडोजला दोष दिला. जुन्या जीटीएंसाठी दुरुस्तीचे पॅच बनवणाऱ्या सायलेंट या मॉडरने २०२५मध्ये याचा माग काढला. गेमच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक वाहनाची एक ओळ असते. व्हाइस सिटीत स्किमरची नोंद बोट म्हणून होती, आणि बोटीला चाकांचे आकार लिहावे लागत नाहीत. सान आंद्रेआसमध्ये त्याला विमान केलं, पण चाकांचे आकडे भरायचे राहून गेले. गेमनेही आकडे आहेत की नाहीत हे तपासलं नाही. आधीच्या वाहनाचे आकडे मेमरीत तसेच पडून होते, तेच उचलले. वीस वर्षं हे चालून गेलं. नव्या विंडोजच्या एका अंतर्गत बदलाने नेमकी ती जागा दुसऱ्या कामासाठी वापरली, तिथे भलतेच आकडे आले आणि विमान दिसेनासं झालं. राहिलेले आकडे भरले की विमान परत!

याचा आपल्याला उपयोग काय? तुमचा गेम कालपर्यंत चालत होता आणि अपडेटनंतर बंद पडला, तर अपडेट काढून टाकण्याआधी त्या गेमच्या नावाने 'कम्युनिटी पॅच' शोधा. अपडेट काढलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात.

कंपॅटिबिलिटी टॅब

गेमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. इथे 'विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३' निवडलं म्हणजे विंडोज ११ काही एक्सपी होत नाही. ती गेमला तसं भासवते आणि काही जुन्या सवयींची नक्कल करते. आवृत्ती बघून अडून बसणाऱ्या गेमना एवढंही पुरतं. त्याच पानावर कमी रंग आणि ६४० × ४८० रिझोल्यूशनचे पर्याय आहेत, तेही एकेक करून बघा. सगळे एकदम लावू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

'डी३डीएक्स९'ने सुरू होणारी फाइल सापडत नाही असा एरर आला, तर 'मोफत डीएलएल' वाटणाऱ्या साइटवर मुळीच जाऊ नका. विंडोज ११मध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी त्या काळातल्या या पूरक फाइल त्यात नसतात. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर जून २०१०चं डायरेक्टएक्स रनटाइम मिळतं, ते टाका. मल्टिप्लेअरसाठी डायरेक्टप्ले मागितलं, तर ते विंडोज फीचर्समधल्या लेगसी कंपोनंट्समध्ये आहे, फक्त टिक करायचं. रंग विचित्र दिसणं, स्क्रीन काळी राहणं यावर डीजीवूडू २ हे साधन अनेकदा लागू पडतं. ते गेमच्या जुन्या ग्राफिक्स सूचना आजच्या डायरेक्टएक्समध्ये बदलून देतं.

वेगाचंही असंच. एक्सपीवरचा पिनबॉल आठवतो ना? मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनीच सांगितलंय की तो गेम झेपेल तितक्या वेगाने चित्रं काढत सुटायचा, म्हणून त्यांनी सेकंदाला १०० फ्रेमची मर्यादा घातली. सान आंद्रेआसमधला 'फ्रेम लिमिटर' त्यामुळे चालूच ठेवा. तो बंद केला की पोहण्याचं गणितसुद्धा बिघडतं.

सीडी खरी, तरीही गेम नाही म्हणतो

इथे मात्र ग्राहकावर खरा अन्याय झालाय. २०००च्या आसपास कंपन्यांनी नकली सीडी रोखायला सेफडिस्क, सिक्युरॉमसारखी कुलपं लावली. सेफडिस्कचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या थरात शिरायचा. सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये विंडोज १०मधून त्याला बाहेर काढलं आणि त्याच वर्षी अपडेट देऊन व्हिस्टा, ७ आणि ८वरही तो बंद केला. म्हणजे पैसे मोजून अस्सल सीडी घेणाऱ्याचा गेम अडला आणि क्रॅक केलेली कॉपी वापरणारा खेळत राहिला! तो ड्रायव्हर परत टाकण्याच्या युक्त्या नेटवर आहेत, पण बंद केलेलं भगदाड पुन्हा उघडण्यासारखं आहे ते.

सोपा मार्ग म्हणजे गेम पुन्हा विकत घेणं. २००८मध्ये सुरू झालेलं जीओजी हे पोलंडचं दुकान जुने गेम कुलूप काढून आणि आजच्या विंडोजवर चालतील असे करून विकतं. डॉसच्या गेमसोबत बरेचदा डॉसबॉक्सही आत घालून देतात. सेल लागला की किंमत एका वडापाव-चहाच्या आसपासही येते. 'जुना झाला म्हणजे फुकट' हा समज मात्र चुकीचा आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि साहित्यकृतीचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं.

शेवटी सेव्ह फाइल. जुने गेम आपला सेव्ह 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच लिहायला जातात. व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू देत नाही आणि गुपचूप ती फाइल ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरच्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये ठेवते. मग एके दिवशी तुम्ही गेम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडता आणि सगळी मिशन पुन्हा पहिल्यापासून! सेव्ह गेलेला नसतो, गेम दुसरीकडे शोधत असतो. व्हर्च्युअलस्टोअरमधली फाइल उचलून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवा. नव्याने इन्स्टॉल करत असाल, तर सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं वेगळं फोल्डर करून त्यातच करा.