हेडमास्तरांच्या टेबलाचं वय

शाळेच्या ऑफिसातलं मोठं सागवानी टेबल आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, उजव्या हाताला तीन खण आणि वरच्या फळीत दौतीसाठी केलेली गोल खोबण. प्रगतिपुस्तकावर शेरा घ्यायला, फी माफीचा अर्ज द्यायला आणि छड्या खायलाही आपण त्याच टेबलासमोर उभे राहिलो. त्याची गोष्टही सगळ्यांनी ऐकलेली आहे. सत्तावनच्या बंडाच्या वेळी जिल्ह्याचा इंग्रज कलेक्टर या टेबलावर हुकूम लिहीत असे आणि पुढे ते शाळेला भेट मिळालं, असं म्हणतात.

या गोष्टीला आता एकाएकी किंमत आली आहे. येत्या उन्हाळ्यात शाळेची जुनी कौलारू इमारत उतरवली जाणार आहे. एका व्यापाऱ्याने ‘कलेक्टरचं टेबल’ म्हणून चांगली रक्कम देऊ केली आहे. आपल्या जुन्या अकरावीच्या काही मित्रांचं म्हणणं असं की टेबल विकू नये, त्यावर ‘१८५७’ कोरलेली पितळी पाटी लावावी आणि ते नव्या इमारतीत ठेवावं. दोन्ही बाजूंना वयाचा दाखला हवा आहे. तीसेक वर्षं मी जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं काम केलं, म्हणून तो माझ्याकडे मागितला गेला. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मी आणि शाळेचे शिपाईकाका त्या टेबलाच्या मागे लागलो होतो. काय दिसलं ते सांगतो.

टेबल बघायचं तर ते आधी उलटं करावं लागतं. वरची बाजू लोकांसाठी असते. तिला दर काही वर्षांनी पॉलिश होतं, कुणी रंधा मारतं, कुणी सनमायका चिकटवायला निघतं. खालच्या बाजूला, खणांच्या पाठीला आणि आतल्या आडव्या पट्ट्यांना कुणी हात लावत नाही. सुताराने सोडलं तसं ते लाकूड तिथे राहिलेलं असतं.

पहिला प्रश्न लाकडाचा. आतल्या बाजूला नखाएवढी जागा खरवडली की सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत साहेब लोकांसाठी कोरीव कामाचं सामान होत असे, ते बहुतेक काळ्या शिसवीचं. आपलं टेबल साधं, नक्षीविना. पण साग म्हटल्याने वय कळत नाही. आपल्याकडे साग मलबारातून येई, मध्य प्रांतातून येई आणि ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे येई. ब्रह्मदेशाच्या सागासाठी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली निघाली. तिच्यावर मंडालेच्या दरबाराने बसवलेल्या दंडाचं निमित्त होऊन १८८५ चं युद्ध झालं, इतका हा व्यापार मोठा होता. जपान्यांनी १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला तेव्हा ती आवक थांबली. म्हणजे चांगला साग एवढ्या मोठ्या काळात कधीही मिळू शकत होता.

दुसरा प्रश्न सांध्यांचा. खणांचे कोपरे डव्हटेल सांध्याने जोडले आहेत. पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवतात, तो हा सांधा. आपल्या खणांचे दाते एकसारखे नाहीत, कुठे रुंद, कुठे अरुंद, आणि आखणीची रेघही अजून दिसते. म्हणजे काम करवत आणि पटाशीने, हातानेच झालं. इंग्रजी पुस्तकांतला नियम असा की दाते हातचे असतील तर वस्तू यंत्रयुगाच्या आधीची. तो नियम तिथे ठीक आहे, कारण तिथल्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे दाते यंत्रावर कापले जाऊ लागले. आपल्याकडे गावोगावचे सुतार हे काम पुढे कितीतरी वर्षं हातानेच करत होते. शेजारच्या आळीत स्वातंत्र्यानंतर केलेल्या कपाटातही तसेच दाते सापडतील. परक्या देशाचा नियम इथे लावला की प्रत्येक वस्तू पन्नास वर्षांनी म्हातारी होते.

वय सांगितलं ते लोखंडाने. खणांच्या कुलपांचे स्क्रू मी एकेक काढून पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाचे स्क्रू बोथट टोकाचे असत. आधी भोक पाडून ते पिळावे लागत. टोकदार स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १८४६ साली घेतलं गेलं आणि १८५४ नंतर इंग्लंडात बर्मिंगहॅमला नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांच्या कारखान्यात ते मोठ्या प्रमाणात बनू लागले. आपले स्क्रू टोकदार आहेत. एवढ्यावरून सत्तावन साल अशक्य होत नाही, अवघड मात्र होतं.

मग खणांचे तळ पाहिले. त्यांच्या फळ्या गोल तारेच्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत. जुने खिळे चौकोनी अंगाचे, टोकाकडे निमुळते होत जाणारे. तारेपासून यंत्रावर केलेले स्वस्त खिळे अमेरिकेत १८९० च्या दशकात जुन्या खिळ्यांच्या पुढे गेले, आणि आपल्याकडे असा माल परदेशातूनच येत होता. कुलपांवर ‘मेड इन इंग्लंड’ हा छाप आहे. मालावर देशाचं नाव घालण्याची पद्धत रुळली ती १८८७ चा ब्रिटिश कायदा आणि १८९० चा अमेरिकन जकात कायदा यांच्यानंतर.

इथे कुणीही विचारील की खिळे आणि कुलपं नंतर बदलली नसतील कशावरून? मीही तेच तपासत होतो. खिळा बदलला की लाकडात जुनं भोक राहतं. कुलूप बदललं की आधीच्या कुलपाची खोबण राहते, ती तुकडा बसवून भरावी लागते, आणि नव्या पत्र्याभोवती जुन्याची सावली दिसते. तिन्ही खणांत असं काही नाही. एक खिळा, एक भोक. खोबण त्याच कुलपाच्या मापाची. म्हणजे हे सामान पहिल्या दिवसापासूनचं आहे. वस्तूचं वय तिच्यातल्या सर्वांत जुन्या भागावरून ठरत नाही, मुळात बसवलेल्या सर्वांत नव्या भागावरून ठरतं. त्या हिशेबाने हे टेबल १८९० च्या आधीचं नाही.

दुसरी मर्यादा कागदाने दिली. मागच्या पायावर पांढऱ्या रंगात ‘७’ हा आकडा आहे. शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या डेडस्टॉक रजिस्टरात, तो शोधला. सगळ्यात जुनी उरलेली वही १९३१ ची. तिच्या पहिल्याच पानावर सातवी नोंद तीन खणांच्या, दौतीची जागा असलेल्या सागवानी टेबलाची आहे, आणि खरेदीच्या तारखेच्या रकान्यात ‘पूर्वीचे’ एवढाच शब्द. तेव्हा टेबल १८९० ते १९३१ यांच्या मधलं.

कलेक्टर हातचा गेला, पण उलट्या टेबलाने आणखी काही दाखवलं. मागच्या दोन पायांना आणि आतल्या एका पट्टीला बुजवलेली चौकोनी भोकं आहेत. टेबलाला त्यांचा काही उपयोग नाही. ती एखाद्या घराच्या वाशाची किंवा खांबाची असणार. मोडलेल्या घराचं लाकूड रंधून, भोकं बुजवून, दिसणार नाही अशा बेताने मागच्या बाजूला वापरलं आहे. समोर मात्र चांगल्या फळ्या. कलेक्टरच्या कचेरीला अशी काटकसर करण्याचं कारण दिसत नाही. चारही पाय खालून दोन-दोन बोटं काळे पडले आहेत. जमीन वरचेवर शेणाने सारवली जात असताना पाय ओलीत उभे राहिले की असं होतं. शहाबादी फरशी येण्याआधी आपल्या वर्गांची जमीन कशी होती, हे आपले जुने गुरुजी सांगतच असत.

आणि प्रत्येक खणाच्या पाठीवर पटाशीच्या टोकाने ओरखडलेले आकडे आहेत, १, २, ३, आपले मराठी. कुठला खण कुठल्या जागी हे लक्षात राहावं म्हणून सुताराने केलेली खूण. त्याचं नाव कुठेही नाही. त्या तिनाच्या शेपटीला एक झोकदार वळण आहे, ते मी बराच वेळ बघत होतो.

म्हणून समितीला माझं सांगणं असं. १८५७ चा दाखला मी देणार नाही. त्या सालाच्या नावावर टेबल विकलं तर ती फसवणूक होईल, आणि ते साल पाटीवर कोरलं तर इतिहासाच्या तासाला बसणारी मुलं रोज खोटं साल वाचतील. विकून येणाऱ्या पैशांतून प्रयोगशाळेचं सामान येईल हे मला कळतं. तेवढी रक्कम आपल्या तुकडीने जमवावी आणि टेबल शाळेत राहावं. माझा वाटा मी खजिनदारांकडे दिला आहे. टेबलाला रंधा किंवा पॉलिशपेपर लावू नये. कोरड्या फडक्याने पुसावं आणि वर्षातून एकदा मेण लावावं, तेवढं त्याला पुरेल.

पाटी जरूर लावू. मजकूर सुचवतो: ‘सागवानी टेबल. अंदाजे १८९० ते १९३१. मोडलेल्या घराचं लाकूड वापरून मराठी सुताराने हाताने केलेलं.’

हा काळ अजून आखडता येईल. शिक्षकवृंदाचे जुने फोटो व्हरांड्यात टेबल मांडून काढले जात. कुणाचे आजोबा-पणजोबा आपल्या शाळेत शिकले किंवा शिकवत असतील, तर घरातल्या ट्रंका उघडून बघा. साल लिहिलेल्या एखाद्या फोटोत ते तीन खण दिसले, तर पाटी कोरायला देण्याआधी मला कळवा.