साडेचार फुटांच्या बाईचं माप

मागच्या भागांत आपण तह, वखारी आणि पलटणींबद्दल बोललो. आजचा विषय घरातला आहे. जेवता जेवता ऐकत असाल तर थोडं थांबा, असं सांगणार होते, पण नको. ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत बोलायचं नाही असं आपण ठरवतो, तिची नोंद कुणी ठेवत नाही. नोंद नसली की पुढे काय होतं, तेच आज सांगायचं आहे.

माझी आत्या मिरजेहून माझ्याकडे नोएडाला आली ती खुब्याचं हाड मोडल्यामुळे. वय ८१, उंची ४ फूट ७ इंच, वजन ३६ किलो, कंबर २४ इंच. शस्त्रक्रिया नीट झाली, पण रात्री उठून संडासापर्यंत जाणं तिला जमेना. डॉक्टर म्हणाले, काही महिने डायपर वापरा. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. प्रौढांचं सगळ्यात लहान माप मीडियम. पाकिटावर लिहिलेलं, कंबर २८ इंचांपासून पुढे. चार इंचांनी काय बिघडतं, असं वाटलं. सकाळी चादर, गादीवरचं मेणकापड, आत्याचा परकर, सगळं ओलं. दोन्ही मांड्यांपाशी बोटभर फट राहत होती.

मग दुकानं पालथी घातली. नोएडा झालं, गाझियाबाद झालं. सगळीकडे एकच उत्तर, "मॅडम, मीडियम से छोटा नहीं आता." एकाने सुचवलं, लहान मुलांचं सगळ्यात मोठं घेऊन बघा. तेही आणलं. कमरेला बसलं, पण आखूड पडलं आणि एकदाच्या लघवीत भरून वाहिलं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात ४०० मिलिलिटरच्या आसपास मावतं. मुलांची वस्तू त्या हिशोबाने केलेली नसते.

शेवटी कुणीतरी म्हणालं, चांदनी चौकात भगीरथ पॅलेसला जा, सर्जिकल सामानाचा घाऊक बाजार तिथेच आहे. गेले. विजेच्या वायरींच्या जाळ्यामागे जुने गोल खांब दिसतात. ही बेगम समरूची हवेली. मेरठजवळच्या सरधन्याची ही राणी; नाचणारी मुलगी म्हणून आयुष्य सुरू केलं आणि युरोपियन अधिकारी हाताखाली ठेवून फौज चालवली. १८०३ च्या असईच्या लढाईत, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. १८३६ मध्ये ती गेली. पुढे हवेलीत दिल्ली बँक आली, १८५७ चा दंगा झाला, आणि विसाव्या शतकात लाला भगीरथमल यांच्याकडे वास्तू आल्यावर आजचं नाव पडलं.

हे सगळं सांगायचं कारण एकच. बेगमेची उंची साडेचार फुटांच्या आसपास होती असं इतिहासकार लिहितात. म्हणजे जवळजवळ आमच्या आत्याएवढी. त्या बाईच्या वाड्यात उभी राहून मी तिच्याएवढ्या बाईसाठी डायपर मागत होते, आणि तिथेही मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, छोटा माल विकला जात नाही म्हणून ठेवत नाही. ठेवत नाहीत म्हणून मागायला कुणी येत नाही, हे मी मनात म्हटलं.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे या कामाला काय होतं? बाळाला बाळोतं आणि लंगोट, खाली दुपटं. म्हाताऱ्या माणसाला जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या घड्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. त्याला माप नव्हतं, कारण प्रत्येक वेळी ते अंगावरच बेतलं जायचं. बारीक अंगाला एक घडी जास्त, की झालं. गादी वाचवायला मेणकापड. रुग्णालयातल्या सिस्टर आजही रबरी चादरीला मॅकिन्टॉश म्हणतात, ते नाव चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश माणसाचं. १८२३ मध्ये त्याने रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं. पण या जुन्या पद्धतीचं कौतुक करताना धुणं कोण धूत होतं, ते विसरू नका. घरातली सून, लेक, नाहीतर मोलकरीण. हिवाळ्यात, गार पाण्यात, रोज.

हा धुण्याचा त्रास कमी करायला निघालेली पहिली ठळक व्यक्ती एक आईच होती. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ च्या सुमारास न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून बाळाच्या कापडी लंगोटावरचं आवरण शिवलं. टाचण्यांऐवजी बटणं लावली. कारखानदारांनी दाद दिली नाही, तेव्हा १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानातून त्यांनी ते स्वतः विकायला सुरुवात केली. १९५१ मध्ये पेटंट मिळालं, हक्क १० लाख डॉलरना विकले गेले. त्यानंतर त्यांनी कागदी, वापरून फेकायच्या डायपरची कल्पना मांडली. तिच्यात मात्र कुणाला पैसा दिसला नाही.

पैसा दिसायला दहा वर्षं गेली. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या व्हिक्टर मिल्स यांच्या गटाने पॅम्पर्स तयार केलं आणि १९६१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात विकून पाहिलं. एका नगाला १० सेंट. लोकांना महाग वाटलं. किंमत ६ सेंटपर्यंत उतरवली, तेव्हा खप वाढला.

गंमत बघा, गोष्टीचा पुढचा टप्पाही त्याच पिओरियातला. तिथे अमेरिकेच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. १९७० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या स्टार्चपासून शेकडो पट पाणी धरणारा पदार्थ बनवला. हेतू शेतीचा होता, जमिनीत ओल टिकवण्याचा. आपल्या दिल्लीच्या पुसा संस्थेचं हायड्रोजेल शेतकऱ्यांना माहीत असेल, ते याच जातीचं. पुढे जपानी कारखान्यांनी असे शोषक कण पॅड आणि डायपरमध्ये घातले आणि जाडजूड डायपर पातळ झालं. लघवीत क्षार असल्यामुळे ते शुद्ध पाण्याइतकं धरत नाहीत, पण स्वतःच्या वजनाच्या तीसेक पट सहज धरतात.

म्हणजे शोषण्याचा प्रश्न सुटला. पण शोषणारा भाग अंगाला टेकलाच नाही तर कणांचा काय उपयोग? आत्याच्या बाबतीत तेच होत होतं. डायपरचा निम्मा हिस्सा कोरडा आणि चादर ओली.

इथे मापाचा इतिहास येतो. मुलांची डायपर वजनावर विकली जातात, अमुक ते अमुक किलो. मोठ्यांची कमरेच्या घेरावर. या दोन पट्ट्यांच्या मध्ये काही माणसं पडतात. सुकलेल्या, लहान चणीच्या म्हाताऱ्या बायका. सेरेब्रल पाल्सी असलेली बारा-चौदा वर्षांची मुलं. ती कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत.

रकाने ठरतात कसे? १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली जवळजवळ १५,००० स्त्रियांची अंगं मोजली. एकेकीची ५९ मापं. तयार कपड्यांची मापं ठरवण्याचा तो पहिला मोठा शास्त्रीय प्रयत्न. पण अहवालात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं घेतली. ज्यांची मापं वहीत आली नाहीत, त्यांच्यासाठी तो तक्ता नव्हता.

आपण अमेरिकेला नावं ठेवायच्या आधी घरचं बघू. कपड्यांचं भारतीय माप असावं म्हणून २०१८ मध्ये 'इंडिया साइझ' प्रकल्प जाहीर झाला. काम दिल्लीच्या हौज खासमध्ये मुख्यालय असलेल्या निफ्टकडे. सहा शहरं, २५,००० माणसं, पूर्ण अंगाचं त्रिमितीय स्कॅनिंग. उत्तम काम, हवंच होतं. त्यातला वयोगट मात्र १५ ते ६५. कपड्यांच्या बाजारासाठी तो बरोबर असेल. पण २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक १० कोटींवर होते. त्यांच्यातल्या ६५ च्या पुढच्यांची, म्हणजे पाठ वाकलेल्या, मांड्या सुकलेल्या, पोट तेवढं सुटलेल्या शरीरांची मापं या पट्टीत येत नाहीत. डायपर लागतं ते याच वयात. म्हणजे वस्तू ज्यांना लागते तेच मोजणीच्या बाहेर.

वस्तूच नाही असंही नव्हतं. मोठ्यांसाठीची डायपर अमेरिकेत १९८० च्या दशकात घरोघरी पोचली. जपानमध्ये म्हाताऱ्यांची संख्या इतकी वाढली, की २०२४ मध्ये ओजी या कंपनीने देशातल्या बाजारासाठी मुलांची डायपर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि लक्ष मोठ्यांच्या डायपरकडे वळवलं. आपल्याकडे २००० साली नोबेल हायजीनने 'फ्रेंड्स' आणलं. त्यांचा कारखाना आपल्या नाशिक जिल्ह्यात. दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याने गेलात तर नीमराण्याच्या जपानी औद्योगिक वसाहतीत युनिचार्मचा कारखाना लागतो. कारखाने आहेत, मोठ्यांची डायपर आहेत. लहान माप दुकानाच्या फळीपर्यंत पोचत नाही, एवढंच.

सरकारदरबारीही या वस्तूला जागा उशिरा मिळाली. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी पूर्ण उठला. त्यासाठी बायकांनी आवाज केला होता. डायपर १२ टक्क्यांवरच राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ५ टक्के झालं. अंथरुणाला खिळलेली माणसं मोर्चे काढत नाहीत, मंडळी.

आता आत्याकडे परत येते, कारण या काळात घरात वेगळंच काहीतरी चाललं होतं. तिने दुपारी चारनंतर पाणी पिणं बंद केलं होतं. संध्याकाळचा चहाही नको म्हणायची. मला वाटलं, भूक मंदावली. आठवड्याभरात ताप आला, बोलण्यात असंबद्धपणा आला. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितात? तेव्हा आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगं, रोज सकाळी तू चादरी धुतेस. मी प्यायलेच नाही तर तुला धुवायला नको."

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. तिने आपल्यापुरतं गणित सोडवलं होतं.

त्याच आठवड्यात एम्ससमोरच्या युसूफ सरायमध्ये एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला पहिल्यांदा उलटा प्रश्न विचारला, "कूल्हे का नाप क्या है?" तोवर दहा-बारा दुकानं झाली होती; माप कुणीच विचारलं नव्हतं आणि मीही घेतलं नव्हतं. मी घरी फोन लावला. आत्याला सांभाळणाऱ्या बाईंनी टेपने मोजलं, नितंबांचा घेर ३१ इंच. दुकानदाराने सांगितलं, कमरेपेक्षा हे माप महत्त्वाचं, आणि पॅन्टसारखं ओढून घालायचं घेऊ नका, चिकटपट्ट्यांचं घ्या, ते आवळता येतं. स्मॉल माप होतं, पण मागवावं लागणार होतं आणि अख्खा खोका घ्यावा लागणार होता. मी घेतला.

लावायचं कसं, तेही त्याने एका जुन्या नगावर दाखवलं. आधी आतल्या दोन्ही उभ्या झालरी बोटाने बाहेर काढायच्या, नाहीतर त्या दुमडून राहतात आणि कडेने गळतं. मग खालच्या पट्ट्या वरच्या दिशेने तिरक्या लावायच्या, म्हणजे मांडीपाशी घट्ट बसतं. वरच्या पट्ट्या त्यानंतर, किंचित खालच्या दिशेने. कमरेत दोन बोटं सरकली पाहिजेत. त्याहून आवळलं तर कातडी काचते. पाच मिनिटांचं शिक्षण. रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला ते कुणी दिलं नव्हतं.

पहिल्या रात्री चादर कोरडी राहिली. सकाळी आत्याने चहा मागितला, आणि कप संपल्यावर अजून अर्धा.

एक गोष्ट राहिली. न बसणारं डायपर असलं की माणूस एकावर एक दोन लावतो, दिवसाला सहा बदलतो. तो कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने रेड डॉटची मोहीम चालवली: पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे हात घालणाऱ्याला कळेल. २०१६ च्या घनकचरा नियमांतही ते गुंडाळून द्यायचं असंच म्हटलं होतं. आम्ही आता रोज ठिपका काढतो. आत्याच काढते, तेवढं काम तिने स्वतःकडे मागून घेतलं आहे.

हा भाग करू का, असं तिला विचारलं होतं. म्हणाली, "नाव घेऊ नकोस. मापं मात्र सांग, कुणाच्या तरी उपयोगी पडतील." म्हणून सुरुवातीलाच सांगितली. तुमच्या घरी कुणी असेल तर शिवणाची टेप घ्या, कंबर, नितंब आणि मांडी मोजा, एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानात जा. नाही म्हटलं तरी माप सांगून या. दहा जणांनी विचारलं तर अकराव्यासाठी दुकानदार एक पाकीट ठेवतो.

पुढच्या भागात पुन्हा सरधन्याला जाऊ, बेगम समरूच्या फौजेबद्दल बोलायला. नमस्कार.