‘पिक’, वेचणी आणि मजुरीचा हिशेब

इंग्रजीतल्या काही साध्या क्रियापदांभोवती अर्थांची इतकी दाटी झालेली असते, की कोशात त्यांच्यासाठी रकानेच्या रकाने खर्ची पडतात. ‘पिक’ हे त्यांतलेच एक. फूल खुडणे, तांदळातले खडे निवडणे, दात कोरणे, ताटातले अन्न चिवडत बसणे, खिसा मारणे, किल्लीवाचून कुलूप उघडणे, भांडण उकरून काढणे, संघासाठी खेळाडू निवडणे, पाखराने दाणा टिपणे, एवढी सगळी कामे हे एकच क्रियापद निभावते. फुटलेल्या बोंडातला कापूस काढून घेणे हेही त्यातच येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात या शेवटच्या कामाला वेचणे म्हणतात. इंग्रजीत एक शब्द आणि मराठीत दहा, हे दिसले की मराठी किती श्रीमंत, असा निष्कर्ष आपण लगेच काढतो. तो घाईचा आहे. कामांची नावे वेगळी पडतात ती शब्दांच्या हौसेने नव्हे. काम कोण करते, कोणत्या अवजाराने करते आणि त्याची मजुरी कशी मोजली जाते, यावरून ती पडतात. वणी-मारेगाव भागातल्या कापसाच्या व्यवहाराचा इतिहास हेच सांगतो.

प्रतिशब्द मांडण्याची रीत आपल्याकडे रुळली ती एकोणिसाव्या शतकात. पुण्या-मुंबईच्या शास्त्र्यांनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये निघाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि थॉमस कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये छापला गेला. एका इंग्रजी क्रियापदापुढे मराठी क्रियापदांची रांग लावायची, ही कँडीची पद्धत. पण ही रांग कोणत्या भागातल्या बोलण्यावरून लागली, हेही पाहायला हवे. कोशकार आणि त्यांचे शास्त्री मुंबई इलाख्यातले होते. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या ताब्यात होता आणि तो कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला १८५३ च्या तहाने. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत ‘वुन’, म्हणजे वणी जिल्हा असे नाव होते. कोश घडत होते तेव्हा वऱ्हाडातल्या वावरात उभे राहून कामांची नावे टिपण्याचा योग या मंडळींना फारसा येणे शक्य नव्हते. शिवाय अर्थांची नुसती रांग लावली, की कोणता शब्द कोणाच्या तोंडचा आणि कोणत्या मजुरीचा, ही माहिती गळून पडते. कोशाची ही मर्यादा आहे. कोशकारांचा तो दोष नाही.

ही माहिती वावरात मात्र शाबूत असते. सरकी टोबली, कपाशी वर आली, की डवरणे, म्हणजे कोळपणी, सुरू होते. हे काम बैलजोडी आणि डवरा घेऊन बहुधा पुरुष करतात. तासातले तण काढायला बायका खुरपी घेऊन बसतात; ते निंदणे, आणि त्याची मजुरी रोजाने. सोयाबीन सोंगायचे, म्हणजे कापायचे, ते विळ्याने, आणि ते बरेचदा एकरी गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, दिले जाते. हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटायची. या सगळ्यांत वेचणे निराळे, कारण त्याचा मोबदला किलोमागे मिळतो आणि ते जवळजवळ सर्वस्वी बायकांचे काम आहे. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करून दही-भाताचा नैवेद्य दाखवण्याची विदर्भातली जुनी रीत आहे. निंदणाला किंवा डवरणीला असा मान नाही. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी दोन झाडांवरची बोंडे धरायची आणि वाळलेल्या पातीचा चुरा चिकटू न देता कापूस ओढून घ्यायचा, हे कौशल्य आहे. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडतात. हात जितका चपळ, तितकी मजुरी जास्त आणि तितकाच कचराही जास्त येण्याचा धोका.

कचऱ्याचा हा प्रश्न व्यापाराच्या इतिहासात मोठा ठरला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वर्धा नदीपलीकडचे हिंगणघाट आखूड धाग्याच्या देशी कापसांत त्यातल्या त्यात सरस मालासाठी नावाजलेले होते. युद्ध संपल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला, तो हॅरी रिव्हेट-कार्नॅक. हिंदी कापसाबद्दल इंग्रज व्यापाऱ्यांची कायमची तक्रार होती ती पाने, माती आणि भेसळीची. त्यांच्या लेखी ‘पिक’ हे दर्जाशी बांधलेले क्रियापद होते, तर वेचणारीच्या लेखी वेचणे वजनाशी. सकाळच्या दवात पाती नरम असते, तिचा चुरा होत नाही आणि कापूस स्वच्छ येतो. पण तोच दवाचा ओलावा वजनात भरतो. म्हणून स्वच्छ वेचा म्हणणारा आणि ओला आणू नका म्हणणारा खरेदीदार एकच असतो. राज्याने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली, तेव्हाही प्रतवारी हाच वादाचा विषय राहिला. आज भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव कापला जातो आणि बारा टक्क्यांवर गेला की माल परत फिरतो.

‘पिक’ची गोष्ट वावरात संपत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. अशा गिरण्यांत आणि पुढे यंत्रमागांवर कामगारांच्या तोंडी याच उच्चाराचा शब्द रुळला, पण अर्थ दुसराच: धोट्याची एक फेक, म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. इंग्रजीत या अर्थाचा उगम वेगळा, फेकण्याकडचा मानतात. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी ‘५२ पिक’ हे माप धरून मीटरमागे ठरते. परका शब्द जसाच्या तसा टिकला, कारण त्यावर पगार मोजला जात होता. वेचणीला मात्र त्या शब्दाची गरज पडली नाही, कारण किलोमागच्या मजुरीचे नाव आधीच पक्के होते.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की वेचणे हा शब्दही एकार्थी नाही. फुले, शिंपले, गोवऱ्या वेचतात, पैसा वेचतात, आयुष्यही वेचतात. उलट इंग्रजीकडे शेतातला सरवा वेचण्यासाठी वेगळे क्रियापद आहे. हे खरेच आहे, आणि म्हणूनच कोणती भाषा श्रीमंत हा वाद फोल ठरतो. जिथे हिशेब वेगळा ठेवावा लागतो, तिथे प्रत्येक भाषा वेगळा शब्द राखते. नसेल तिथे एकावर भागवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मारेगाव तालुक्यात कोलाम आणि गोंड कुटुंबे आहेत. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. एमेनो या अभ्यासकाने वर्धा भागातल्या कोलामांकडून ऐकून लिहिलेले तिचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. मग मराठी क्रियापदांवरून इथल्या कष्टाचा इतिहास पुरता कसा कळणार? पुरता कळणार नाही. पण घरची भाषा कोणतीही असो, मजुरीचा दर ठरतो तो वेचणे, निंदणे, सोंगणे या शब्दांत. ती व्यवहाराची साक्ष आहे, संस्कृतीची नव्हे, आणि माझा दावाही तेवढ्यापुरताच आहे.

सरकारी कागदावर मात्र या कामांची नावे पुसट होत जातात. जनगणनेत वेचणारी, निंदणारी, सोंगणारी या सगळ्या ‘शेतमजूर’ या एका रकान्यात बसतात. त्यामुळे रोजाची मजुरी आणि किलोमागची मजुरी यांतला फरक दिसेनासा होतो, आणि वेचणीचा जवळपास सगळा भार बायकांवर आहे हेही झाकले जाते. कापसाचा उत्पादनखर्च काढणाऱ्यांनी आणि मजुरीचे दर ठरवणाऱ्यांनी प्रत्येक कामाचा आकडा त्याच्या बोलीतल्या नावाखाली वेगळा मांडावा. ती नावे वावरात आजही चालू आहेत; नवी बनवायची गरज नाही.