पूररेषा : आखणी आणि न्यायालयीन वाद

पूररेषा : विशिष्ट तीव्रतेच्या पुरात नदीचे पाणी जिथवर पसरेल, ती नकाशावर आखलेली हद्द. सरासरी 25 वर्षांतून एकदा, म्हणजे कोणत्याही वर्षी 4 टक्के शक्यता असलेल्या पुरावरून निळी रेषा ठरते. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावरून लाल. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नियंत्रित क्षेत्रात इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंच ठेवावे लागते.

कायदेशीर आधार : पूरमैदानांच्या वर्गवारीचे नमुना विधेयक केंद्राने 1975 मध्ये राज्यांकडे पाठवले. महाराष्ट्राने तसा स्वतंत्र कायदा केला नाही. पाटबंधारे विभागाच्या 1989 च्या परिपत्रकावर काम सुरू झाले. रेषा जलसंपदा विभाग आखतो, तर विकास आराखड्यात ती उतरवण्याचे काम नियोजन प्राधिकरणाचे असते. बरेचसे वाद या दोन दप्तरांमधल्या तफावतीतून उभे राहतात.

ठाणे परिसर : उल्हास नदी बदलापूर, कल्याणवरून खाली येते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर तिच्या काठच्या बांधकामांचा प्रश्न ऐरणीवर आला. बदलापुरात पूररेषेमुळे बांधकाम परवाने व पुनर्विकास अडल्याच्या तक्रारी होऊन फेरसर्वेक्षणाची मागणी झाली. माजिवडा-बाळकुम-कोलशेत पट्ट्यात गणित आणखी अवघड आहे. भरतीच्या वेळी खाडी भरली की वरून येणारे पाणी तुंबते. म्हणून नदीचा विसर्ग एकटा धरून पुराची पातळी ठरवता येत नाही. शिवाय खाडीकाठच्या बांधकामांना सागरी नियमन क्षेत्राची भरतीरेषा लागू होते. तिचा नकाशा वेगळा, यंत्रणाही वेगळी.

महत्त्वाचे खटले : सारंग यादवाडकर विरुद्ध पुणे महानगरपालिका हा यातला ठळक खटला. मुठेच्या निळ्या रेषेच्या आत भराव घालून होत असलेल्या विठ्ठलवाडी-वारजे रस्त्याला त्यात आव्हान होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये रस्त्याची आखणी बदलण्याचा आदेश दिला. पुढे पुण्यातील पूररेषाच सदोष असल्याचा दावा करणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. पहिल्या खटल्यात रेषा प्रमाण मानून तिचे उल्लंघन दाखवले गेले. दुसऱ्यात रेषेचीच तपासणी मागितली गेली.

दाद मागण्याचे मार्ग : आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नगररचना अधिनियम, 1966 खाली हरकत नोंदवता येते. पर्यावरणीय वादासाठी हरित न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत जावे लागते. सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात. शासकीय निर्णयाच्या वैधतेला उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली आव्हान देता येते. न्यायालये सहसा स्वतः रेषा आखत नाहीत. विसर्गाचे आकडे, पात्राचे छेद आणि धरणातून सोडायच्या पाण्याचा हिशेब तज्ज्ञांकडून तपासून घेतात. त्यामुळे अर्जदाराची बाजू बव्हंशी या आकड्यांवर तोलली जाते.