फुटबॉलची मोठी मॅच आणि दिव्यांग चाहते: तिकिटापासून घरी परतेपर्यंत काय काय लागतं?

२० नोव्हेंबर २०२२. कतारच्या अल बायत स्टेडियममध्ये फुटबॉल वर्ल्ड कपचं उद्घाटन सुरू होतं. मैदानाच्या मधोमध हॉलिवूड अभिनेते मॉर्गन फ्रीमन होते आणि त्यांच्यासमोर २० वर्षांचा कतारी तरुण गानिम अल मुफ्ताह. गानिमच्या शरीराच्या खालच्या भागाची जन्मापासूनच वाढ झालेली नाही. त्या दोघांचा फोटो जगभर शेअर झाला. तुमच्याही फीडमध्ये तो आला असेल.

पण गानिम तिथे पाहुणा होता. जो दिव्यांग माणूस स्वतः तिकीट काढून, विमान-मेट्रो-बस करत मॅच बघायला जातो, त्याचं काय? तो आत कसा जातो, कुठे बसतो आणि त्याला मैदान दिसतं का?

स्टेडियमला रॅम्प आणि लिफ्ट असली की झालं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ही पाच-सहा कड्यांची साखळी आहे. त्यातली एक कडी तुटली तरी मॅच हुकते. या कड्या एकेक करून समजून घेऊ.

व्हीलचेअरसाठी किती जागा असाव्या लागतात?

हे देशानुसार बदलतं. अमेरिकेत १९९० साली दिव्यांग हक्कांचा कायदा झाला. त्याखालच्या २०१० च्या मानकांमध्ये यासाठी चक्क गणित दिलं आहे. ५,००० पेक्षा जास्त आसनं असतील तर आधी व्हीलचेअरच्या ३६ जागा. त्यानंतर ५,००० च्या वरच्या दर २०० आसनांमागे, किंवा त्यातल्या उरलेल्या भागामागे, आणखी एक.

समजा, ८०,००० आसनांचं स्टेडियम आहे. ५,००० वजा केले की उरले ७५,०००. त्याला २०० ने भागलं की ३७५. त्यात ३६ मिळवले की ४११. म्हणजे एकूण आसनांच्या जेमतेम अर्धा टक्का. शिवाय प्रत्येक व्हीलचेअरच्या जागेशेजारी सोबत्यासाठी किमान एक खुर्ची असावीच लागते.

इंग्लंडमध्ये दिव्यांग चाहत्यांच्या संघटनांनी अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी कबूल केलं की, ऑगस्ट २०१७ पर्यंत आपली मैदानं तिथल्या सुगम्यता मार्गदर्शिकेनुसार करू. काही क्लबांची ही मुदत हुकली. जुन्या मैदानात हे काम सोपं नसतं, कारण व्हीलचेअरच्या एका जागेसाठी अनेक साध्या खुर्च्या काढाव्या लागतात. मँचेस्टर युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्डसाठी आराखडा केला तेव्हा मैदानाची क्षमता कमी होणार, असा हिशेब निघाला. खुर्ची गेली की तिकिटाचं उत्पन्न गेलं. चालढकल होते ती इथेच.

जागा मिळाली, पण मैदान दिसतं का?

गोल झाला की काय होतं? अख्खं स्टँड उभं राहतं. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला त्या क्षणी समोरच्यांच्या पाठी दिसतात. ज्या गोलसाठी इतके पैसे खर्चून आला, तोच त्याला मोबाईलवर बघावा लागतो.

म्हणून चांगल्या स्टेडियममध्ये व्हीलचेअरचा ओटा पुढच्या रांगेपेक्षा पुरेसा उंच ठेवतात, म्हणजे पुढचे लोक उभे राहिले तरी त्यांच्या डोक्यावरून मैदान दिसतं. अमेरिकेच्या मानकांमध्ये, जिथे प्रेक्षक उभे राहण्याची शक्यता असते तिथे ही दृष्टिरेषा बंधनकारक आहे.

दुसरा प्रश्न कुठल्या बाजूला बसायचं हा. अनेक मैदानांत व्हीलचेअरच्या जागा एकाच कोपऱ्यात असतात. तो भाग यजमान संघाच्या पाठीराख्यांचा असेल, तर पाहुण्या संघाच्या चाहत्याला आपल्या टीमचा शर्ट घालून तिथे बसणं अवघड होतं. आपल्या माणसांमध्ये बसून ओरडता येणं हाही मॅचचाच भाग आहे.

फक्त व्हीलचेअरचाच विचार पुरेसा आहे का?

नाही. बहुतेक दिव्यांग व्यक्ती व्हीलचेअर वापरत नाहीत. कुणाला कमी पायऱ्यांची, कडेची खुर्ची लागते. कुणाला पाय लांब करायला जागा लागते, कुणाला रुंद आसन. कतारमध्ये तिकिटांचे असे वेगवेगळे प्रकार ठेवले होते.

दृष्टिहीन चाहत्यांसाठी खास समालोचन असतं. ते रेडिओच्या समालोचनापेक्षा वेगळं असतं. चेंडू मैदानाच्या कुठल्या भागात आहे, कोण कुणाकडे पास देतोय, प्रशिक्षक बाजूला उभा राहून काय हातवारे करतोय, हे सगळं सतत सांगितलं जातं. चाहता इअरफोन लावून स्टँडमध्येच बसतो, त्यामुळे आजूबाजूचा जल्लोषही त्याला ऐकू येतो. जर्मनीत बायर लेव्हरकुसेन या क्लबने १९९९ मध्येच अशी सोय सुरू केली होती. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये हे समालोचन अरबी आणि इंग्रजीत होतं.

ऑटिझम असलेल्या काही मुलांना ८० हजार लोकांचा आवाज आणि फ्लडलाइट सहन होत नाहीत. त्यांच्यासाठी सेन्सरी रूम असते. काचेआडून मैदान दिसतं, आवाज कमी असतो, प्रकाश मंद असतो आणि प्रशिक्षित कर्मचारी सोबत असतात. इंग्लंडमध्ये संडरलंड क्लबने २०१५ मध्ये अशी खोली सुरू केली. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांनी तिच्यासाठी पाठपुरावा केला होता. नंतर ही कल्पना इतर क्लबांनी उचलली आणि कतारच्या काही स्टेडियममध्येही अशा खोल्या होत्या.

सोबत्याच्या तिकिटावरून वाद का होतो?

अनेक दिव्यांग व्यक्ती एकट्या प्रवास करू शकत नाहीत. टॉयलेटला जाणं, गर्दीतून वाट काढणं, औषधं देणं यासाठी सोबत कुणीतरी लागतं. हा सोबती मौजेसाठी आलेला दुसरा प्रेक्षक नसतो. त्याच्याशिवाय पहिला प्रेक्षक येऊच शकत नाही. म्हणून युरोपातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये सोबत्याचं तिकीट मोफत देण्याची पद्धत आहे. कतारमध्येही ते मोफत होतं.

२०२६ च्या वर्ल्ड कपची तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा चित्र वेगळं होतं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत होणाऱ्या या स्पर्धेसाठी सोबत्याचं तिकीटही विकत घ्यावं लागणार, हे स्पष्ट झालं आणि चाहत्यांच्या संघटनांनी त्यावर टीका केली.

अमेरिकेचा कायदा तर कडक आहे, मग असं का? कारण तो समान वागणुकीवर उभा आहे. दिव्यांग व्यक्तीकडून जास्त पैसे घेता येत नाहीत. तिला लगतची आणखी तीन तिकिटं उपलब्ध असल्यास विकावी लागतात. दिव्यांगत्वाचा पुरावाही मागता येत नाही. पण सोबत्याला फुकट सोडा, असं तो सांगत नाही. म्हणजे मोजक्या जागांचं गणित अमेरिकेत पक्कं आहे, पण खर्चाच्या बाबतीत दिव्यांग चाहत्याला दुप्पट भार उचलावा लागतो. पुरावा न मागण्याची दुसरी बाजूही आहे. कागदपत्रांचा त्रास वाचतो हे खरं, पण गरज नसलेल्या माणसाने ही तिकिटं घेतली तर त्याला अडवणं कठीण होतं.

सगळं नीट असूनही काय बिघडू शकतं?

२८ मे २०२२, पॅरिस. चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध रिअल माद्रिद. स्टेडियमबाहेर प्रचंड कोंडी झाली, मॅच अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरा सुरू झाली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्या गर्दीत तिकीट असलेले दिव्यांग चाहतेही होते.

अश्रुधूर आला की इतर लोक मागे पळतात. व्हीलचेअरवरचा माणूस काय करणार? लिव्हरपूलच्या दिव्यांग चाहत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष टेड मॉरिस यांनी फ्रान्सच्या सिनेटसमोर जाऊन या चाहत्यांचे अनुभव मांडले. युएफाने नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. या गोंधळाची प्रमुख जबाबदारी युएफाचीच असल्याचं त्यात म्हटलं होतं.

यातून दिसतं ते असं, की स्टेडियमच्या आत ओटा कितीही चांगला असला तरी स्टेशनपासून गेटपर्यंतचा रस्ता, तपासणीची रांग आणि गोंधळ झाल्यास बाहेर काढण्याची योजना यांत दिव्यांग चाहत्यांचा विचार नसेल, तर धोका थेट जिवाला असतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

२०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल वर्ल्ड कपच्या मॅच नवी मुंबईत आणि गोव्यातल्या फातोर्ड्यात झाल्या. २०२२ मध्ये मुलींच्या स्पर्धेची फायनलही नवी मुंबईत झाली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्ती आहेत.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली आहेत आणि खेळाच्या सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याचा उल्लेखही आहे. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी तिथून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्ये संपली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. न्यायालयाने केंद्र सरकारला त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे स्टेडियममध्ये जागा मागणं ही विनंती नाही, हक्क आहे.

मॅचला जाणार असाल तर काय तपासायचं?

• तिकिटाचा नेमका प्रकार आणि सोबत्याची खुर्ची शेजारीच आहे का
• सोबत्याचं तिकीट मोफत आहे की विकत
• जवळच्या स्टेशनवर लिफ्ट आहे का, तिथून गेट किती लांब आहे
• व्हीलचेअरवरून वापरता येईल असं टॉयलेट आपल्याच मजल्यावर आहे का
• मॅच संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबायची सोय आहे का

आणि जाणार नसाल तरी एक गोष्ट

२०१४ च्या ब्राझील वर्ल्ड कपमध्ये व्हीलचेअरसमोर उभे राहून जल्लोष करणाऱ्या प्रेक्षकांचे फोटो व्हायरल झाले होते. 'बघा, चमत्कार!' म्हणून त्यांची थट्टा झाली. काही लोक अशा तिकिटांचा गैरफायदा घेतात, हे खरं आहे. पण व्हीलचेअर वापरणारी अनेक माणसं थोडा वेळ उभी राहू शकतात, दोन-चार पावलं टाकूही शकतात. त्यांना ९० मिनिटं उभं राहता येत नाही किंवा स्टेशनपासून चालत येता येत नाही. एका फोटोवरून यातलं काहीच कळत नाही.

पुढच्या वेळी असा फोटो फीडमध्ये आला, तर शेअर करण्याआधी एवढं आठवा. गोल झाल्यावर उभं राहावंसं त्यांनाही वाटतंच.