सेल्युलोज-अपघटनी सूक्ष्मजंतू, औद्योगिक सांडपाण्यातील
वनस्पतींच्या कोशिकाभित्तींचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंसेल्म पायां यांनी १८३८ मध्ये ओळखले. ग्लुकोजाच्या लांब साखळ्यांचा हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. तरीही तो निसर्गात फारसा साचून राहत नाही, याचे श्रेय सूक्ष्मजीवांचे होय. चिखलातील सेल्युलोजापासून मिथेन निर्माण होतो, हे होप-झायलर यांनी १८८६ मध्ये दाखविले. रशियन शास्त्रज्ञ ओमेल्यान्स्की यांनी १८९५ पासून केलेल्या संशोधनात हायड्रोजन देणारा व मिथेन देणारा असे दोन जंतू वर्णिले. त्यांची संवर्धने शुद्ध नव्हती, असे पुढे आढळले. मात्र ही त्रुटीच बोधक ठरली. कारण मिथेन तयार करणारे जीव निराळे असून ते सेल्युलोज फोडणाऱ्यांच्या उत्सर्जित द्रव्यांवर जगतात. हे काम एकट्या जातीचे नसून समूहाचे असते.

ऑक्सिजीवी गटातील एका जंतूचे वर्णन इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे हचिन्सन व क्लेटन यांनी १९१९ मध्ये केले. त्यासाठी व्हिनोग्राड्स्की यांनी १९२९ मध्ये सायटोफागा हा वंश स्थापिला. सेल्युलोमोनास, सेलव्हिब्रिओ, क्लॉस्ट्रिडियम व बॅसिलस या वंशांतही अशा जाती आहेत.

महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः कागद व साखर धंद्यांशी निगडित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथे बांबूच्या लगद्यापासून कागद होतो, धाराशिव जिल्ह्यातील सोनारी (ता. परांडा) परिसरात उसाचे गाळप होते. उसाच्या वजनाच्या सु. ३०% ओले चिपाड उरते व कोरड्या चिपाडात ४०–४५% सेल्युलोज असते. त्याचा बारीक चुरा धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतो. सांडपाण्यातील साखर जंतू लवकर संपवितात, तंतू मात्र सावकाश कुजतात. म्हणून २७° से. तापमानात तीन दिवस चालणाऱ्या जैव ऑक्सिजन मागणीच्या चाचणीत त्यांचा भार पुरता उमटत नाही. तळाशी साचलेल्या गाळात मग अनॉक्सिजीवी जंतूंचे राज्य सुरू होते, दुर्गंधी सुटते व माशांना प्राणवायू कमी पडतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) १९८० च्या दशकात सेल्युलेज एंझाइमांवर संशोधन झाले. त्यात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम ही बुरशी प्रमुख होती. जंतू निवडण्यासाठी काँगो रेड रंजकाची सोपी परीक्षा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत विद्राव्य कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज वापरतात. त्यामुळे तीत उत्तीर्ण झालेला प्रत्येक जंतू चिपाडातील स्फटिकी सेल्युलोज फोडीलच असे नाही. जंतूंच्या लांबलचक याद्या वाचताना हे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय बहुसंख्य जंतू नेहमीच्या संवर्धन माध्यमात वाढतच नाहीत. त्यांची ओळख अलीकडे थेट सांडपाण्यातील डीएनएवरून करतात.